फोतिनीचा उसना बिल्ला

मी फोतिनीच्या नावाचा बिल्ला बोलतोय. पहिला नव्हे, दुसरा. पहिला रोज तिच्या छातीवर मिरवायचा आणि मी तिच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात केसांच्या पिना, पुदिन्याच्या गोळ्या आणि एका जादा मोज्याच्या सोबतीने पडून असायचो. धाकट्याच्या वाट्याला येतं ते माझ्याही वाट्याला आलं. पण माझी तक्रार नाही. थोरल्याला सोळा वर्षांत कोणी विचारलं नाही आणि मला मात्र तीन दिवसांत साडेतीन लाख लोकांनी पाहिलं. ते कसं, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म अथेन्सच्या एका गल्लीतला. ट्रॉफ्या आणि दारावरच्या पाट्या कोरणाऱ्या एका म्हाताऱ्याचं ते दुकान. बोटभर चंदेरी पट्टी, मागे टाचणी, पुढे विमान कंपनीचे दोन पंख आणि त्याखाली नाव. "एकाच बाईला दोन कशाला?" म्हाताऱ्याने कोरता कोरता विचारलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "एक हमखास हरवतो म्हणून." म्हणजे मी जन्मलो तोच थोरल्याच्या हरवण्याची वाट बघायला. आणि फोतिनी अशी बाई, की तिची कधी साधी टाचणीसुद्धा हरवली नाही.

फोतिनी विमानात काम करते. लोक हवाईसुंदरी म्हणतात. म्हणोत बापडे, तिच्या सुजलेल्या पोटऱ्यांना विचारा सौंदर्याचं. चाळिशी उलटलेली, उंच, आवाज खणखणीत. चुकलेल्याला तिथल्या तिथे सुनावणार आणि पाच मिनिटांनी त्यालाच कॉफी नेऊन देणार. सहा वर्षं तिच्या मनात एकच गोष्ट होती, नव्या पोरापोरींना शिकवायचं. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, रडणाऱ्या बाळाच्या आईकडे कसं बघायचं नाही, असलं सगळं तिने एका वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही माझ्याच कप्प्यात असायची. आणि त्या डिसेंबरात तिला कळलं, की मार्चपासून शिकवणारीची जागा तिलाच मिळणार. त्या दिवशी तिने बॅग बंद करताना गाणं म्हटलं. आवाज खणखणीत असला तरी सुराशी तिचं काही नातं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

मला वर्षातून चार-सहा वेळाच हवा लागायची. त्याचं असं आहे, की उड्डाणाआधी सगळ्यांचा गणवेश बघतात. छातीवर नाव नसलं तर वहीत शेरा पडतो. नाव असलं की झालं, ते कोणाचं आहे हे कोणी बघत नाही. त्यामुळे एखादीचा बिल्ला घरी राहिला तर दुसरी आपला जादाचा काढून देते. नियमात बसत नाही, पण आमच्या धंद्यातला हा जुना शेजारधर्म आहे. अशा उसनवारीत मी बऱ्याच छात्यांवर फिरलो. एकदा तर दिमोस्थेनिस नावाच्या दाढीवाल्या पोराच्या. पूर्ण विमानात तो फोतिनी म्हणून कॉफी वाटत होता. दोघाजणांनी वाचलं आणि हसले. बाकीच्यांनी वाचलंच नाही.

बिल्ला कधी वाचला जातो, सांगू? माणूस चिडला की. "काय नाव तुमचं?" असं म्हणत तो आधी छातीकडे बघतो आणि मग तोंडाकडे. एरवी आम्ही असलो काय नि नसलो काय.

एक दिवस मात्र अपवाद. आमच्या देशात वाढदिवस विसरला तर माफ आहे, नावाचा दिवस विसरलेला माफ नाही. सहा जानेवारीला बंदराबंदरांवर पाद्री पाण्यात क्रूस फेकतो, थंडीत कुडकुडत पोरं त्यामागे उड्या टाकतात आणि त्याच दिवशी झाडून सगळ्या फोतिनींना शुभेच्छा मिळतात. त्या दिवशी थोरल्या बिल्ल्याचा तोरा बघावा. येणारा-जाणारा त्याला वाचून म्हणतो, "शंभर वर्षं जग, फोतिनी!" आणि जिचा दिवस असेल तिने बदल्यात गोड वाटायचं, ही रीत.

त्या सहा जानेवारीला आम्हाला अथेन्सहून लिम्नोस बेटावर जाऊन परत यायचं होतं. पंख्याचं लहान विमान, त्यात केबिनमध्ये दोघीच. पुढे फोतिनी आणि मागे लाम्ब्रिनी. लाम्ब्रिनी चोवीस वर्षांची, कामाला लागून सातच महिने झालेली, अजून कच्च्या नोकरीवर. चुणचुणीत पोर. फोनवर तिला बघणारे हजारो लोक होते आणि त्यांचा तिला अभिमान होता. सकाळी ती धापा टाकत आली आणि छातीवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, बिल्ला दुसऱ्या जाकिटाला राहिला."

"डोकं कुठल्या जाकिटाला राहिलं?" फोतिनी म्हणाली, पण बोलता बोलता माझ्या कप्प्याची चेन उघडलीसुद्धा. "हा लाव. आणि संध्याकाळी परत दे, विसरू नकोस."

कॅप्टनने दोघींच्या छात्यांकडे बघितलं आणि डोळा मारला. "एक फोतिनी पुढे, एक मागे. आज विमान सरळ जाणार."

जाताना फोतिनीने अक्रोडाच्या वड्यांचा डबा फिरवला. बेटावर पोचेपर्यंत तो रिकामा झाला. तिकडे वारा असा सुटला होता की तास दीड तास नुसतं बसून राहावं लागलं. विमानाच्या मागच्या अंगाला कॉफी घेत दोघी बसल्या आणि तिथेच त्यांची जुंपली. निमित्त होतं डिसेंबरातल्या हुकमाचं. कंपनीने बजावलं होतं, गणवेशात, विमानात, कामाच्या वेळी काढलेला फोटो किंवा व्हिडिओ परवानगीशिवाय कुठे टाकायचा नाही. टाकलं तर नोकरी जाईल.

"कंपनीला एवढंच वाटतं तर नाताळात आम्हाला लाल टोप्या घालून धावपट्टीवर नाचवलं कशाला?" लाम्ब्रिनी म्हणाली. "तेव्हा माझी परवानगी घेतली? माझं तोंड त्यांनी दाखवलं तर जाहिरात आणि मी दाखवलं तर गुन्हा!"

"तुझं तोंड तू दाखव. छपरावर चढून नाच, मला काय त्याचं? पण इथं येणारा माणूस काय काय घेऊन येतो, माहितेय? कोणी मयताला निघालेला असतो, कोणी नवऱ्याला सोडून. आपल्यासमोर बूट काढतात, घोरतात, रडतात. आपल्याला दिसलं म्हणून ते आपलं होत नाही, बाई."

"मग मी दिवसभर करते ते तरी माझं आहे की नाही? माझ्या आजीला वाटायचं मी विमानात फक्त कॉफी देते. व्हिडिओ बघून म्हणाली, अगं, तू तर दारं उघडतेस!"

"तुझ्या आजीला फोन करून सांग."

"फोनवर ऐकू येत नाही तिला."

फोतिनीला हसू आवरलं नाही. मी मात्र अडचणीत. एकीच्या छातीवर बसलेला आणि दुसरीच्या नावाचा. खरं सांगतो, मला दोघींचंही पटत होतं. अजूनही पटतं.

परतीच्या प्रवासात शेवटच्या रांगेत असिमिनाआजी बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर काळे कपडे, डोक्याला घरातला विटका रुमाल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मांडीवर टोपलीभर संत्री होती आणि ती वर ठेवायला त्या काही केल्या तयार होईनात. लाम्ब्रिनीने पट्टा बांधून दिला, पाणी दिलं, थंडी वाजते का विचारलं. पोर कामाला चांगली होती, हे मी छातीवरून सांगतो.

विमान अथेन्सला उतरलं, लोक उतरू लागले, आजी आपल्या बसूनच. तेवढ्यात शेजारच्या काकांनी मला वाचलं. "अहो आजी, ही फोतिनी आहे! आज हिचा दिवस!"

आजींचा चेहरा उजळला. लाम्ब्रिनीला खरं सांगता आलं असतं. पण सांगायचं काय? की हे नाव उसनं आहे? ती नुसती हसली. आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने खिशातून फोन काढला आणि कर्मचाऱ्यांच्या घडीच्या सीटवर टेकवून ठेवला. हुकूम तिला पाठ होता. म्हणून फोनचा कोन असा साधला, की मानेच्या वरची लाम्ब्रिनी दिसूच नये. दिसावेत नुसते हात, आजी आणि संत्री. चेहरा लपवला म्हणजे आपण लपलो, असं तिला वाटलं. मी बरोबर मधोमध चमकत होतो, ते तिच्या गावीही नव्हतं.

आजींनी हात वर केला. त्यांची खरखरीत बोटं माझ्यावरून एकेक अक्षर चाचपत गेली. मला कोणी असा हात कधी लावला नव्हता. "शंभर वर्षं जग, पोरी," त्या म्हणाल्या आणि तिच्या ओंजळीत दोन संत्री ठेवली. "आणि माझ्यासाठी मेणबत्ती लाव. परवा डोळ्याचं ऑपरेशन आहे. स्त्रातिसला कळवलं नाही हं मी. पोरगा तिकडे जर्मनीत, उगाच घाबरेल."

लाम्ब्रिनीचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं, तिच्या छातीची धडधड मला कळत होती. बसमधून घरी जाताना तिने तो व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "याला म्हणतात नावाचा दिवस." मला परत करायचं ती विसरली. मी तिच्या पर्समध्येच राहिलो.

तीन दिवसांत साडेतीन लाख. लोकांनी हृदयं पाठवली, रडकी तोंडं पाठवली, आपापल्या आज्यांच्या आठवणी लिहिल्या. त्यात जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये गॅरेज चालवणारा एक गृहस्थही होता. त्याला त्याच्या बायकोच्या मैत्रिणीने विचारलं, "ही तुझी आई ना?"

स्त्रातिसने दवाखान्याचं नाव शोधून काढलं आणि थेट तिथे फोन लावला. आजी ऑपरेशनच्या खाटेकडे निघाल्या होत्या. पोराच्या ओरडण्याने त्यांचा रक्तदाब असा चढला, की डॉक्टरांनी ऑपरेशन आठ दिवस पुढे ढकललं. पहिल्याच विमानाने स्त्रातिस आला आणि त्याने कंपनीकडे तक्रार ठोकली. "माझ्या आईचं दुखणं साडेतीन लाख लोकांना कळलं आणि मला सगळ्यांच्या शेवटी. ही तुमची फोतिनी कोण?"

पुढचं मी थोरल्याकडून ऐकलं, कारण तो तिथे होता. केबिनच्या सगळ्या लोकांवर कारीदिस नावाचे साहेब आहेत. भर जानेवारीतही बर्फ घातलेली कॉफी नळीने पिणारा माणूस. त्यांनी फोतिनीला बोलावून व्हिडिओ दाखवला. ती बघत राहिली. आजींची बोटं माझ्यावरून फिरत होती तिथे तिने मान खाली घातली.

"नाव तुझं आहे," साहेब म्हणाले. "हात कोणाचे?"

"बिल्ला माझा आहे. तेवढं लिहा."

"विमानात दोघीच होतात. लाम्ब्रिनीला फोनवर विचारलं मी. ती म्हणते, तिच्या छातीवर तिचाच बिल्ला होता."

थोरला म्हणतो, त्या वेळी फोतिनीने बोटाने त्याला छातीवर सरळ केलं.

"अगं, हे हात पंचविशीतल्या पोरीचे आहेत, मला काय दिसत नाही? पण डोळ्यांनी दिसलेलं कागदावर लिहिता येत नाही. तू नाव घे आणि मोकळी हो. नाहीतर शिकवणारीची जागा जाईल, वर चौकशी लागेल ती वेगळीच."

"साहेब, मार्चमध्ये मी पोरांपुढे उभी राहणार. पहिला धडा चुगलीचा देऊ?"

"शुक्रवारपर्यंत विचार कर," साहेब म्हणाले आणि रिकाम्या पेल्यात नळीने सुर्र केलं.

बाहेर आल्यावर फोतिनीने लाम्ब्रिनीला फोन केला नाही. घरी जाऊन तिने शिकवायची वही काढली आणि एकेक पान उलटत बसली. शेवटी ती पुस्तकांच्या फळीवर सगळ्यात वर, हात पोचणार नाही अशा जागी ठेवून दिली. हेही थोरल्यानेच सांगितलं. मला फार वाईट वाटलं. नाव तिचं, बिल्ला तिचा, आणि दोष मात्र तिचा नाही, हे सांगू शकणारा मी एकटा, तर मला तोंड नाही.

इकडे लाम्ब्रिनीच्या घरी वेगळंच नाटक. साहेबांचा फोन आला तेव्हा तिच्या तोंडून खोटं निघून गेलं होतं, गरम भांड्यावरून हात मागे यावा तसं. मग ती दोन दिवस जेवली नाही. तिची आई पांढऱ्या घेवड्याचं सूप ढवळत म्हणाली, "गप्प बस. ती पक्क्या नोकरीची आहे, तिला काय होतंय? तुला मात्र उद्या काढतील."

"आई, त्या मला बिल्ला देताना ओरडल्या पण दिला."

"मग आता त्यांच्या नावाने लाव एक मेणबत्ती. सूप घे."

गुरुवारी दुपारी लाम्ब्रिनीने मला पर्समधून काढलं, फुलदाणीला टेकवून फोन उभा केला आणि मला हातात धरून बोलायला लागली. "नमस्कार, तुम्ही सगळ्यांनी पाहिलेल्या व्हिडिओत फोतिनी नव्हती, मी होते." ते बघितलं आणि पुसलं. दुसऱ्यांदा बोलताना रडली. बघितलं, पुसलं. तिसऱ्यांदा केस बांधून. पाचव्यांदा केस सोडून. मी मोजत होतो. अकराव्यांदा अगदी छान जमलं. आवाज योग्य जागी कापरा झाला, पाणी योग्य वेळी डोळ्यांत आलं. तिने ते तीनदा बघितलं. मग तिचा चेहरा एकदम उतरला. "शी," ती म्हणाली आणि अकरावाही पुसून टाकला.

शुक्रवारी सकाळी साध्या स्वेटरवर, न विंचरलेल्या केसांनी ती विमानतळाच्या बसमध्ये चढली. मी तिच्या मुठीत होतो. मूठ घामाने ओली झाली होती.

साहेबांच्या खोलीत फोतिनी आधीच उभी होती. लाम्ब्रिनीने मला टेबलावर ठेवलं. "हा त्या दिवशी माझ्या छातीवर होता. हात माझे. फोनवर मी खोटं बोलले."

"का?" साहेबांनी विचारलं.

"घाबरले."

"आणि तू, बिल्ला उसना दिलास?" साहेब फोतिनीकडे वळले. "हा काय साखरेचा पेला आहे शेजारणीला द्यायला?"

"चुकलं," फोतिनी म्हणाली. मग लाम्ब्रिनीकडे वळून म्हणाली, "आणि तू! तोंड लपवायची अक्कल होती, नाव लपवायची नव्हती?" एवढं खणखणीत म्हणाली की बाहेरचा कारकून डोकावून गेला. लाम्ब्रिनी रडायला लागली. फोतिनीने पुदिन्याची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

साहेब म्हणाले, सोमवारी समिती बसेल. तक्रार उभी आहे तोपर्यंत लाम्ब्रिनीची नोकरी आणि फोतिनीची जागा, दोन्ही धरून चालू नका. "ज्यांच्या बाबतीत चूक केली त्यांच्याकडे जा. आणि फोन खिशातच ठेवा, देवासाठी."

असिमिनाआजी भाचीकडे उतरल्या होत्या. आदल्याच दिवशी त्यांचं ऑपरेशन झालं होतं. फोतिनीने मला आपल्या पाकिटात टाकलं, वाटेत अक्रोडाच्या वड्यांचा डबा घेतला आणि दोघी तिसरा मजला चढल्या. दार स्त्रातिसने उघडलं. दारभर माणूस. त्याने दोघींना आत तर घेतलं, पण बसा म्हणाला नाही.

आजी खुर्चीत होत्या. एका डोळ्यावर पट्टी. लाम्ब्रिनी गुडघ्यांवर बसली आणि जे झालं ते सगळं सांगून मोकळी झाली. उसना बिल्ला, फोन, खोटं, सगळं. फोतिनीने मला पुरावा म्हणून आजींच्या हातात दिलं.

"तू फोतिनी नाहीस ते मला तेव्हाच कळलं होतं," आजी म्हणाल्या.

"कसं?"

"डोळे गेले होते, अक्कल नव्हती गेली. जिचा नावाचा दिवस असतो ती बाई सकाळपासून गोड वाटत सुटते. तुझ्याकडे एक वडी नव्हती. म्हटलं, असेल काहीतरी पोरीचं. आपण कशाला विचारायचं?"

"मग तरी तुम्ही आशीर्वाद दिलात?"

"आशीर्वाद काय, नाव बघून देतात का?"

स्त्रातिस खिडकीपाशी उभा राहून तोंड फिरवून बाहेर बघत होता. "आई, यांनी तुझा तमाशा केला."

"तू तीन वर्षांनी आलास, तो तमाशा बरा होता," आजी म्हणाल्या. मग लाम्ब्रिनीची हनुवटी धरून त्यांनी आपल्या एका डोळ्यासमोर आणली. आवाज बदलला. "पण पोरी, तू मला विचारलं नाहीस. माझं आजारपण, माझं तोंड, माझा पोरगा. मला एका शब्दाने विचारायचंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात," लाम्ब्रिनी खालमानेने म्हणाली.

"नाही कशाला? चांगला रुमाल बांधला असता. आणि स्त्रातिसचं नाव घेतलं नसतं. तो विटका रुमाल साडेतीन लाख माणसांनी बघितला गं! गावात मला तोंड दाखवायला जागा नाही."

सगळ्यात आधी स्त्रातिस हसला. त्याला हसायचं नव्हतं, खांदे हलले म्हणून कळलं. मग भाची हसली, मग फोतिनी. लाम्ब्रिनी हसू का रडू करत तशीच बसून राहिली. फोतिनीने डबा उघडला. "आजी, ही माझी वडी. उशीर झाला, पण माझाच दिवस होता तो."

आजींनी दोन घेतल्या. स्त्रातिसने चार.

त्याने तक्रार मागे घेतली, पण खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली, "तरीही त्या पोरीला महिनाभर घरी बसवावे." समितीने ते जसंच्या तसं मान्य केलं. लाम्ब्रिनीला महिनाभर उड्डाण नाही. फोतिनीच्या फायलीत बिल्ला उसना दिल्याचा शेरा आणि शिकवणारीची जागा तिलाच, पण आधी एक वर्षापुरती. निरोप आला तेव्हा फोतिनीने खुर्ची लावून ती वही खाली काढली. थोरला सांगतो, तिने पुन्हा गाणं म्हटलं.

लाम्ब्रिनी आता परत उडते. हुकमावरचा तिचा राग गेलेला नाही. युनियनच्या बैठकीत उठून ती म्हणाली, की कंपनीने नुसतं नको नको म्हणण्यापेक्षा काय चालेल तेही लिहून द्यावं, आणि आमचे चेहरे जाहिरातीत वापरण्याआधी आम्हालाही विचारावं. टाळ्या सगळ्यात मोठ्या फोतिनीने वाजवल्या. घरी ती आईच्या सुपाचे व्हिडिओ टाकते. आधी आईला विचारते. आई दर वेळी पदार्थाला हो म्हणते, स्वतःच्या केसांना नाही.

राहता राहिलो मी. कारीदिस साहेबांनी फर्मान काढलं, की यापुढे एका माणसाला एकच बिल्ला, जादाचे सगळे जमा करा. त्यांना वाटलं दहा-बारा निघतील. एकशे त्रेचाळीस निघाले. साहेब खोक्यात वाकून बघत राहिले आणि बराच वेळ नुसती नळी चावत होते. मग त्यांनी खोकं शिकवायच्या वर्गातल्या कपाटात ठेवलं. वितळवायला कधी नेणार, कोणाला ठाऊक नाही. इथं एवांथिया आहेत, पेलाजिया आहेत, दिमोस्थेनिसचा जादाचा आहे. कोण कोणाच्या छातीवर फिरून आला याच्या गोष्टी संपता संपत नाहीत. गर्दी आहे, पण मजेत आहे. मला काही कमी नाही.

मार्चच्या पहिल्या सोमवारी फोतिनीचा पहिला तास झाला. कपाटाचं दार किलकिलं होतं. बावीस नवी पोरं-पोरी बसली होती. तिने वही उघडली, मिटली आणि वही न बघताच सांगायला लागली. सहा जानेवारी, संत्री, उसना बिल्ला, तो व्हिडिओ, पुढे ढकललेलं ऑपरेशन, विटका रुमाल. काही गाळलं नाही. फोनवरचं खोटंही सांगितलं आणि ते कबूल करायला घामेजल्या मुठीने आलेली पोरही सांगितली. फक्त एक नाव घेतलं नाही.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, ती मुलगी म्हणजे तुम्हीच ना? बिल्ल्यावर तर तुमचं नाव होतं."

फोतिनीने तिच्याकडे बघितलं आणि हसली.

"नाव तर माझंच होतं," ती म्हणाली. "चला, वह्या काढा."

आम्ही कपाटात एकशे त्रेचाळीस जण होतो. खरं काय ते मला माहीत होतं आणि मी ब्र काढला नाही. आता तुम्ही म्हणाल, आम्हाला तर सगळं सांगून बसलास. सांगितलं खरं. पण लाम्ब्रिनी हे काही त्या पोरीचं नाव नाही. ते मी तिला उसनं दिलंय. खरं नाव विचारू नका, मी सांगणार नाही.